बिनशिवणीची गाडी

"नाही जमायचं," दाजी म्हणाले, आणि तेसुद्धा गाडीकडे धड न बघता.

ठोक्याला तिथंच खटकलं. इतक्या वर्षांत दाजींनी एखाद्या गिऱ्हाइकाला दारातून परत लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. काम कसलंही वेडंवाकडं असो, आधी हो म्हणायचं आणि गिऱ्हाईक गेलं की डोक्याला हात लावून बसायचं, ही दाजींची रीत. आणि आज एवढं देखणं काम आपल्या पायांनी चालत आलं होतं, तर हे नाही म्हणून मोकळे.

दोघं एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे; थोरलीचे दाजी, धाकटीचा ठोक्या. धाकटी त्यांना दाजी म्हणायची म्हणून ठोक्याही म्हणायला लागला आणि मग सगळी गल्लीच. शेड दोघांच्या भागीदारीतली. अर्ध्या भागात ठोक्या गाड्यांचा पत्रा ठोकायचा, कापायचा, जोडायचा; उरलेल्या अर्ध्यात, जाड प्लास्टिकच्या पडद्याआड, दाजी त्यांना रंग द्यायचे. ठोक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण हातात हातोडा आल्यापासून खरं नाव कुणी घेईना, शेवटी आईनंसुद्धा नाद सोडला.

गाडी घेऊन आलेल्या बाई उंच, करड्या केसांच्या. मातीचे कप आणि वाडगे घडवून भट्टीत भाजायचा त्यांचा धंदा होता. नखांच्या कडेला सुकलेली माती तशीच. शेडमध्ये त्यांचं नाव लगेच 'कपवाल्या बाई' पडलं. त्यांची गाडी जुनी, छोटी, गोल दिव्यांची. मागं दोन माणसं बसली की गुडघे हनुवटीला टेकावेत अशी. या जातीच्या गाड्यांची एक गंमत असते. पत्र्याचे दोन भाग जिथं मिळतात, तिथं दोन्ही कडा बाहेर वळवून एकमेकींना चिकटवलेल्या असतात. त्यामुळे चारी कोपऱ्यांवर वरून खाली एकेक उभी पट्टी बाहेर आलेली दिसते, उशीच्या अभ्र्याची शिवण दिसावी तशी. शेडमध्ये तिला शिवणच म्हणत.

"या शिवणी मला नकोत," बाई म्हणाल्या. "कोपरा कसा गोल हवा. कपाच्या पोटावरून हात फिरवावा तसा गाडीवरून फिरवता आला पाहिजे."

ठोक्याच्या हाताला तर नुसतं ऐकूनच खाज सुटली. "होईल की," तो म्हणाला.

"शिवण काढली की गाडीचं अंग ढिलं पडतं," दाजी म्हणाले.

"दाजी, एकदम थोडीच काढायचीय? बोटभर कापायची, बोटभर जोडायची. ढिलं कशाला पडेल?"

"तुला काय होतंय! तू जोडून हात झटकणार. पुढं सगळं माझ्या गळ्यात."

बाईंनी दाजींकडे जरा निरखून पाहिलं. मग पिशवीतून भाजलेल्या मातीची एक फरशी काढून त्यांच्या हातात दिली. "रंग असा हवा. दुधात निळीचा थेंब पडावा, इतपतच निळा."

दाजींनी फरशी हातात घेतली, दाराशी उजेडात नेली, उलटीसुलटी केली. एरवी रंग दाखवला की यांचं तोंड सुटायचं. यात अमुक किती, तमुक किती, एका श्वासात सांगायचे. आज गप्प. मग नुसतं म्हणाले, "बघू."

गाडी शेडमध्ये राहिली. आणि ठोक्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती त्या दिवसापासून.

तसा ठोक्याचा स्वभावच संशयी. चहावाल्यानं कप अर्धा भरला तरी उरलेला कुणाला दिला असेल, याचा विचार करणारा माणूस. दाजींवर मात्र त्यानं कधी शंका घेतली नव्हती. म्हणूनच ती आली तेव्हा सगळी कसर भरून काढत आली.

त्यानं काम सुरू केलं. ग्राइंडरनं शिवण थोडी कापायची, उघड्या पडलेल्या जोडावर वेल्डिंगचे टाके मारायचे आणि लगेच तिथून उठून पलीकडच्या कोपऱ्यावर जायचं. तिकडचं होईतो इकडचा पत्रा निवतो. एकाच जागी बसून राहिलं तर पत्रा तापून फुगतो, आणि एकदा फुगलेला पत्रा जन्मभर फुगलेला. असं गाडीभोवती प्रदक्षिणा घालत ठोक्या कोपरे बंद करत होता. हात कामात आणि कान पडद्याकडे.

कपवाल्या बाई येतजात राहिल्या. ठोक्याला वाटायचं, काम बघायला येतात. पण त्या गाडीजवळ जेमतेम थांबायच्या, "छान चाललंय हं," म्हणायच्या आणि थेट पडद्याआड. आत कुजबुज. एकदा तो पाणी प्यायला शेडच्या मागं गेला, तर दोघं तिथं उन्हात उभे. बाईंच्या हातात रंगाचे ठिपके दिलेली पत्र्याची पट्टी, दाजींची मान खाली, आणि बाई हळू आवाजात काहीतरी समजावतायत. ठोक्याची चाहूल लागताच दाजींनी पट्टी पाठीमागं नेली.

"आज गरम होतंय, नाही?" दाजी म्हणाले.

दाजी आणि हवापाण्याच्या गप्पा! शेडचं छप्पर उडून गेलं असतं तरी हा माणूस हवेबद्दल बोलला नसता.

"होतंय खरं," ठोक्या म्हणाला आणि पाणी न पिताच परत फिरला.

मग सुट्या भागांच्या दुकानदारानं तेल ओतलं. गोल दिव्यांची रबरी कडी घ्यायला ठोक्या त्याच्याकडे गेला होता. दुकानदार काउंटरवर रेलून म्हणाला, "काय रे, वेगळे होताय म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणी नाही. पण तुझ्या साडूला पाहिलं परवा. ते मोठं काचेचं वर्कशॉप नाही का झालंय चौकात, त्याच्या इमारतीतून बाहेर पडत होते. सोबत एक उंचशी बाई. मला बघितलं आणि असे वळले, जसं काही मी वसुलीलाच आलोय."

ठोक्या हसला. हसताना जबडा दुखला. त्या वर्कशॉपबद्दल सगळ्यांना माहीत होतं. तिथं रंगाला बंद खोली होती, गरम हवा होती, पांढरे कपडे घातलेली माणसं होती. नव्हता तो फक्त जुन्या गाड्या जाणणारा रंगारी. म्हणजे बाईंची तिथं ओळख असणार. म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं. म्हणजे दाजींना हे काम नको होतं, कारण जायचं असताना कोण नवं काम अंगावर घेतो? एकदा 'म्हणजे'ची माळ सुरू झाली की ठोक्याला थांबता यायचं नाही.

घरी आला तर बायको खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. "अगं पण ताई, किती दिवस लपवणार?" एवढं त्यानं स्वच्छ ऐकलं. तो दिसताच ती म्हणाली, "बरं, ठेवते. दूध वर आलंय."

ठोक्यानं ओट्याकडे पाहिलं. गॅस बंद होता. दुधाचं पातेलं फडताळात पालथं.

"काय म्हणते ताई?"

"काही नाही. नेहमीचंच."

"दाजी बरे आहेत ना?"

"तुम्ही तर दिवसभर त्यांच्याबरोबर असता, मला काय विचारता?" ती म्हणाली, आणि कोरडी भांडी पुन्हा पुसायला घेतली.

ताकास तूर लागू देईना. ठोक्या जेवला, पण काय जेवला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दाजींनी दगा दिला असता तर एक वेळ समजलं असतं. धंदा आहे, माणसं जातात. पण घरचं बाईमाणूस त्या कटात! याचा अर्थ बाहेरचा फक्त तोच.

शेडला आठवड्याची सुट्टी असायची त्या दिवशी तो दुपारी एकटाच शेडवर गेला. स्वतःच्याच शेडचं कुलूप काढताना त्यानं मागं वळून पाहिलं, आणि पाहिल्याचा त्याला राग आला.

पडद्याआड तो सहसा जात नसे. तिथं धूळ नेलेली दाजींना खपायची नाही. आत भिंतीशी फळ्यांची मांडणी, तीवर रंगांचे डबे, खाली थिनर, चिंध्या, घासायचे कागद. दाजींचा जुना फवारा खुंटीवर होता. चांगला, नवा फवारा मात्र नव्हता. ठोक्यानं खाली-वर सगळीकडे पाहिलं. नव्हताच.

"चांगली हत्यारं आधी हलवली," तो मोठ्यानं म्हणाला.

मग त्याला राहवेना. आणखी काय काय गेलंय ते एकदा बघूनच घ्यावं म्हणून त्यानं मांडणीवरचे डबे उतरवायला सुरुवात केली. वरच्या फळीवर छटा मिसळायचे छोटे डबे होते, सगळे एका मापाचे. वर्षानुवर्षं ओघळलेल्या रंगांनी त्यांच्या चिठ्ठ्या गिळून टाकलेल्या. झाकणंसुद्धा सगळी सारखीच कळकट. त्यानं एकेक डबा हलवून पाहिला, भरलेला की रिकामा. मागं हात घालून चाचपलं. काय शोधत होता ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. काहीतरी सापडावं एवढंच. तेवढ्यात बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली. त्यानं भराभर डबे फळीवर चढवले, पडदा सारखा केला आणि बाहेर येऊन उगाचच हातोडा हातात घेतला. कुणी वाटसरू होता, निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फवारा खुंटीवर लटकत होता. ठोक्यानं तो पाहिला. पण संशयाची एक खोड असते. चोरी परत आली तरी तो म्हणतो, पकडले जाऊ नये म्हणून आणून ठेवली.

तोवर पत्र्याचं काम संपलं होतं. चारी शिवणी गेल्या होत्या. कोपऱ्यांना ठोक्यानं अशी गोलाई दिली होती की नजर एका अंगावरून निघायची आणि कुठं न अडखळता दुसऱ्या अंगावर पोचायची. लांबीचा लगदा भरून, घासून, अस्तराचा करडा हात देऊन गाडी पडद्याआड गेली. दाजींनी आधी छप्पर, डावी बाजू आणि मागची बाजू रंगवली. त्या दिवशी कपवाल्या बाई सबंध वेळ आत होत्या. संध्याकाळी ठोक्यानं डोकावून पाहिलं. रंग असा उतरला होता की त्याचा राग क्षणभर बाजूला राहिला. फरशी आणि गाडी, कोण कुणाची नक्कल ते सांगता येऊ नये.

उजवी बाजू राहिली, कारण मिसळलेला रंग संपला. बाईंची भट्टी पेटलेली होती, ती सोडून त्यांना दुसऱ्या दिवशी येता येणार नव्हतं. दाजी म्हणाले, "आता माप कळलंय. मी एकटा करतो."

आणि त्यांनी केली.

ठोक्याला हाक आली तेव्हा तो दुसऱ्या एका गाडीचा चेपलेला दरवाजा उठवत होता. दाजी पडदा बाजूला करून उभे. तोंडावरची पट्टी खाली ओढलेली, कपाळावर घाम, आणि कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर हसू.

"ये. बघ. कशी आलीय?"

ठोक्या आत गेला आणि जागच्या जागी थांबला.

मागची बाजू दुधाळ निळसर होती. उजवी बाजू हिरवट. साचलेल्या पाण्याच्या कडेला येतो तसा हिरवा. शिवण असती तर दोन रंगांच्या मध्ये निदान ती उभी राहिली असती. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन भाग, दोन छटा. आता मध्ये काहीच नव्हतं. कोपऱ्याच्या ऐन गोलाईवर एक रंग दुसऱ्यात घुसला होता आणि सगळा कोपरा नासल्यासारखा दिसत होता.

"बोल की," दाजी म्हणाले.

"दोन्हीकडचा रंग एकच आहे?" ठोक्यानं सावकाश विचारलं.

"म्हणजे काय! तीच मापं, तोच हात."

ठोक्याच्या डोक्यात एवढे दिवस साठलेलं सगळं एकदम उसळलं. "तोच हात? दाजी, मला काय खुळा समजलात? जायचं तर सरळ जा ना! माझं काम नासवून कशाला जाताय? बाईंनी उद्या गाडी बघितली की शेडचं नाव मातीत, आणि तुम्ही तिकडं काचेच्या वर्कशॉपमध्ये पांढरे कपडे घालून बसणार, असंच ना?"

"कुठलं वर्कशॉप? काय बोलतोयस तू?"

"हा कोपरा बघा आधी! बघा ना!"

दाजी कोपऱ्याजवळ गेले. वाकले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. नाक पत्र्याला लागेल इतके जवळ गेले. मग डोळ्यांवर हाताची सावली धरली. ठोक्या धापा टाकत उभा होता. आता सारवासारव ऐकू येईल, आता कबुली, आता उलटून शिवी. त्यातलं काहीच आलं नाही.

"कुठं?" दाजी म्हणाले.

"काय कुठं?"

"फरक. कुठून सुरू होतो? बोट ठेव." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ठोक्यानं तो याआधी ऐकलाच नव्हता. "मला दिसत नाहीये रे. बोट ठेवून दाखव."

ठोक्याचा हात उचलेना. रंग ओला होता, बोट ठेवता आलं नसतं. पण ते कारण नव्हतं.

दाजी थिनरच्या उपड्या डब्यावर बसले आणि सांगायला लागले. गेल्या वर्षभरापासून निळा रंग हातातून निसटत होता. आधी फिकट निळे गेले, मग पांढऱ्या रंगांतला फरक जाऊ लागला. सगळं जग चहाचं पाणी मारल्यासारखं दिसायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाकीच्या गाड्यांवर भागायचं. एकेक दार, एकेक पत्रा सुटा, मध्ये फट, मध्ये शिवण. थोडंफार उन्नीसबीस झालं तरी कुणाला दिसायचं नाही. "ही बाई आली आणि म्हणाली, शिवणी काढा. मी मनात म्हटलं, आता उघडा पडलो."

"आणि त्यांना कसं कळलं?"

"पहिल्याच दिवशी. फरशी हातात घेतली तेव्हा मी तिची रंग दिलेली बाजू सोडून मागची कच्ची बाजू बघत बसलो होतो म्हणे. रंगाचं काम करते ती पण. मग तिनंच मदत केली. तिच्या कारखान्यात मोठी खिडकी आहे, तिथं फवारा नेऊन पट्ट्यांवर रंग मारून बघायचो. ती सांगायची, निळा कमी, निळा जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तीच ओढत घेऊन गेली. तुझ्या त्या काचेच्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर बसतो डॉक्टर."

ठोक्यानं बसायला काहीतरी शोधलं आणि काही न सापडल्यानं जमिनीवरच बसला.

"पण आता संपलं," दाजी म्हणाले. "मापावर माझा भरवसा होता. डोळे नसले तरी हाताला सगळं ठाऊक होतं. निळ्याचा डबा डावीकडून तिसरा, त्याच्याशेजारी काळा. आंधळासुद्धा करेल. तेही चुकलं म्हणजे डोकंही गेलं असणार."

ठोक्या उठून मांडणीकडे गेला. डावीकडून तिसरा डबा उतरवून झाकण उचकटलं. हिरवा. गर्द, जवळजवळ काळपट, पण हिरवा. निळा पार टोकाला जाऊन बसला होता.

गप्प बसता आलं असतं. दाजींना फरक दिसणार नव्हता; डबे जागच्या जागी ठेवून दिले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. हा विचार ठोक्याच्या मनात आला हे खरं, आणि तो आला याची त्याला पुढं फार दिवस लाज वाटत राहिली.

"तुमचं डोकं ठीक आहे," तो म्हणाला. "डबे मी हलवले."

"तू? कशाला?"

"सुट्टीच्या दिवशी आलो होतो. तुम्ही चाललात असं वाटलं. फवारा दिसला नाही. म्हटलं बघावं, काय काय नेलंय."

दाजी म्हणाले, "नेलंय? म्हणजे चोरलंय?"

ठोक्यानं उघड्या डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं.

"एवढी वर्षं एका ताटात जेवलो," दाजी म्हणाले, "आणि तू माझी फळी चाचपायला आलास." ते उठले, अंगातला रंगाचा डगला काढला, खुंटीला अडकवला आणि ठोक्याकडे न बघता शेडबाहेर पडले.

घरी ठोक्यानं बायकोला सगळं सांगितलं. त्याला वाटलं, ती चिडेल. ती चिडलीच, पण वेगळ्याच बाजूनं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"का सांगणार? आठवतंय, समोरच्या गल्लीतला म्हातारा रंगारी काम सोडून गेला तेव्हा तुम्ही जेवताना काय बोलला होतात? ताई-दाजी इथंच बसले होते. म्हणालात, नजर गेलेला रंगारी ठेवून करायचंय काय, त्यापेक्षा भिंतीला चुना मारायला लावा. हसलात पण वर. दाजींना त्या वेळीही कमीच दिसत होतं. तेव्हापासून त्यांना धास्ती, याला कळलं की हा दुसरा माणूस आणणार. ताईनं माझ्याकडून वचन घेतलं."

"मी आणला असता असं तुला वाटतं?"

"मला नाही वाटत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नक्की सांगता मात्र येत नव्हतं."

म्हणजे तो दाजींवर नजर ठेवून होता, तेव्हा दाजीही त्याच्याकडे तसंच बघत होते. ठोक्याला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी आले नाहीत. कपवाल्या बाई आल्या. ठोक्यानं त्यांना गाडी दाखवली आणि डब्यांची सगळी हकीगत स्वतःच्या तोंडानं सांगितली. त्या कोपऱ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. ठोक्या शिव्या खायची तयारी करून उभा.

"भयंकर दिसतंय," त्या म्हणाल्या.

"खरवडून काढतो. दुसऱ्या रंगाऱ्याकडून लगेच..."

"दुसरा नको. डोळ्यांचं होऊ दे, मग तेच देतील. मी बसनं फिरते तोवर." मग त्यांनी विचारलं, "ते शस्त्रक्रियेला घाबरतात, माहितीय ना? त्यांच्या वडिलांचा डोळा त्यातच गेला होता. मी दोन शब्द बोलले, पण मी परकी. तुम्ही बोला."

ठोक्या त्याच संध्याकाळी साडूच्या घरी गेला. ताईनं दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. दाजी खिडकीशी बसले होते. ठोक्या समोर बसला. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही वेळेवर आठवेना. शेवटी म्हणाला, "डॉक्टरकडे मी येतो तुमच्याबरोबर. आत नेईपर्यंत बसतो. बाहेर आणतील तेव्हाही बसलेला असेन."

"तू कशाला? मला आत नेलं की माझे खिसे तपासायला?"

"तपासेन," ठोक्या म्हणाला. "सुपारी मिळाली तर खाईन."

दाजी हसले नाहीत. पण 'जा'ही म्हणाले नाहीत. ताईनं चहा आणला आणि दोघांपुढं ठेवला.

एक डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी ठोक्या हात धरून त्यांना रस्त्यावर घेऊन आला, तर दाजी मध्येच थांबले. आभाळाकडे बघत राहिले. "एवढं निळं?" म्हणाले. "असंच होतं हे? सगळा वेळ?" आणि त्यांनी ठोक्याचा हात असा दाबला की त्याची बोटं कळवळली.

मग मात्र दाजींनी उच्छाद मांडला. रस्त्यात दिसेल त्या गाडीकडे बोट दाखवायचे. "ती आपली. बघ, दरवाजा निळा मारलाय मी. पांढरा सांगितला होता त्यानं." एकदा तर चौकात एका माणसाला थांबवून म्हणाले, तुमची गाडी फुकट रंगवून देतो, माझ्या हातून चूक झालीय. तो माणूस गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, मला तर आवडते अशीच, आणि निघून गेला. दाजी पुढं दोन दिवस त्याच्यावर चिडून होते.

बाईंची गाडी त्यांनी पुन्हा सगळी घासली. एकाच वेळी एकाच मापाचा भरपूर रंग मिसळला आणि ती एका दमात रंगवली. तो सबंध दिवस त्यांनी कुणालाच पडद्याआड येऊ दिलं नाही, बाईंनाही नाही. गाडी बाहेर आली तेव्हा ठोक्या तिच्याभोवती हळूहळू फिरला, सवयीनं खोट शोधत. सापडली नाही.

"उजव्या कोपऱ्याला खाली पत्रा जरा वर आलाय," दाजी म्हणाले. "तुझा. आधी मला दिसत नव्हता."

बाई गाडी घेऊन गेल्या. त्यानंतरही बरेच दिवस दाजी ठोक्याशी कामापुरतंच बोलायचे. हा चेपलाय, तो घासून दे, एवढंच. ठोक्यानं ते मुकाट्यानं सोसलं. फळीवरच्या डब्यांना दाजींनी आता मोठ्या अक्षरांत नवी नावं लावली होती, आणि ती ठोक्यासाठीच आहेत की काय, हे विचारायचा धीर त्याला होत नव्हता.

एक दिवस दुपारी चहा पिताना दाजी आपण होऊन म्हणाले, "पुन्हा कधी मनात काही आलं तर तोंडानं विचार. डबे हलवू नकोस."

"आणि त्या वेळी विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?"

दाजींनी विचार केला. कप खाली ठेवला.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले. "पण मी खोटं बोलतोय हे तुला कळलं असतं. तुला सगळ्यांचंच कळतं म्हणतोस ना." आणि ते हसले, कितीतरी दिवसांनी, तोंडभर. ठोक्याही हसला. त्यात टोमणा किती आणि माया किती, याचा हिशोब मात्र तो संध्याकाळपर्यंत मनाशी करत राहिला.